‘नावात काय ठेवलंय?’ असं उद्यमबागेत तरी म्हणू नये

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही नीट चालणाऱ्या फाउंड्रीत एक नियम कटाक्षाने पाळला जातो. भट्टीतून ओतलेल्या प्रत्येक रसाला हीट नंबर मिळतो. तो कास्टिंगवर उठवला जातो आणि माल पुण्याला जावो की परदेशी, नंबर त्याच्याबरोबर जातो. पुढे कधी कुठे तडा गेला, तर नंबर बघून रस कोणत्या दिवशीचा, त्यात कार्बन किती होता, सिलिकॉन किती होतं, हे शोधता येतं. नंबर पुसला गेला असेल तर निर्दोष मालही अडकतो, कारण तो कुठून आला हे खात्रीने सांगता येत नाही. ड्रॉइंगवर ‘एफजी 260’ लिहिलं असताना कुणी ‘एसजी 500/7’ ओतून ठेवलं, तर ‘दोन्ही बिडाचेच प्रकार, चालवून घ्या’ असं म्हणायची सोय या धंद्यात नाही. खरेदी ऑर्डरवरचं नाव, जीएसटी नंबर आणि बँकेतलं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे थांबतात.

आणि याच उद्यमबागेत, पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर, उद्योजकांच्या बैठकीत, अभियांत्रिकी कॉलेजच्या कट्ट्यावर एक मत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, काय फरक पडतो? पाटी कानडीत असो, मराठीत असो, मशीन त्याच वेगाने फिरतं. नावांवरून भांडणारे रिकामटेकडे आहेत, पोरांना काम हवंय, पाटी नको. पुण्या-मुंबईचे आणि बंगळूरचे स्तंभलेखक हेच मत जरा सफाईदार भाषेत मांडतात: सीमाभागातले लोक शब्दांच्या किरकोळ भांडणात अडकले आणि जग पुढे गेलं.

हे मत बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांना भांडणाचा कंटाळा आला आहे, आणि बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं या सत्तर वर्षं चाललेल्या वादाचा कंटाळा कुणालाही येईल. पण कंटाळा आला म्हणून म्हणणं खरं ठरत नाही. हे मत वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ज्याचं नाव आज पाटीवर सुरक्षित आहे त्यालाच ते परवडतं.

पहिला प्रश्न सरळ आहे. नाव ही किरकोळ गोष्ट असेल, तर सरकारने तिच्यावर इतकी शक्ती का खर्च केली? भारतात गावाचं नाव बदलणं हे एका सहीचं काम नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची 1953 सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लोकांच्या सवयीचं झालेलं नाव फार विशेष कारण असल्याशिवाय बदलू नये. रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची ना-हरकत लागते. कर्नाटकात या विषयाला तोंड फुटलं ते ज्ञानपीठविजेते लेखक यू. आर. अनंतमूर्ती यांच्या सूचनेने. राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर, डिसेंबर 2005 मध्ये, मुख्यमंत्री धरमसिंग यांनी ती उचलून धरली. प्रत्यक्ष बदल अमलात आला 1 नोव्हेंबर 2014 रोजी. बंगळूर, म्हैसूर, हुबळी, विजापूर, गुलबर्गा, बळ्ळारी यांच्यासह बारा शहरांची अधिकृत नावं त्या दिवशी बदलली आणि ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली होती, ती बाजूला राहिली. एका बारीकशा गोष्टीसाठी कुणी नऊ वर्षं पाठपुरावा करतं का?

कर्नाटकाने तो पाठपुरावा केला कारण त्याला नावाचं मोल कळतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. इथे मराठी बाजूच्या एका समजुतीलाही उत्तर द्यायला हवं. ‘बेळगावी’ हे नाव 2014 साली कुणीतरी बसवून तयार केलं, असं मराठी सभांमध्ये सर्रास बोललं जातं. ते खोटं आहे. कानडी माणूस आपल्या भाषेत या गावाला पिढ्यान्‌पिढ्या बेळगावीच म्हणत आला आहे, जसा मराठी माणूस बेळगाव म्हणत आला. किल्ल्यातली कमल बस्ती 1204 साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने बांधली. त्या काळच्या लेखांत वेणुग्राम, वेळुग्राम अशी रूपं सापडतात. वेणू म्हणजे बांबू आणि मराठीतला वेळूही बांबूच. बांबूच्या बनातल्या त्या गावाचं नाव एका ओठातून बेळगाव झालं, दुसऱ्या ओठातून बेळगावी. दोन्ही एकाच मुळाची रोपं आहेत. त्या दोन्हींत जो ळ आहे तो इंग्रजांना म्हणता आला नाही, म्हणून त्यांनी ‘बेलगाम’ केलं, आणि हिंदी वर्तमानपत्रांनी ते जसंच्या तसं उचललं. हिंदीत बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. इंग्रजी स्पेलिंगमधून ते गेलं याचं दुःख करायला ना कानडी माणूस बसला, ना मराठी.

मग भांडण आहे कुठे? 2014 आधी या गावाला तीन नावं होती आणि तिन्ही आपापल्या भाषेत नांदत होती. इंग्रजीतलं नाव बदललं, ते ठीक. पण त्यानंतर मराठी मजकुरातही ‘बेळगावी’च लिहिलं पाहिजे असा आग्रह धरला जाऊ लागला, आणि तो न पाळणाऱ्याकडे राज्यविरोधी म्हणून बघितलं जाऊ लागलं. बंगळूरचा कानडी वृत्तपत्रलेखक मुंबईला ‘मुंबै’ लिहितो. त्याला कुणी विचारत नाही की तू महाराष्ट्राचा अपमान करतोस का. प्रत्येक भाषा दूरच्या-जवळच्या गावांना आपल्या उच्चारात सामावून घेते. ते तिचं साधं कामकाज आहे. फक्त एकाच गावाच्या बाबतीत, आणि तेही तिथेच राहणाऱ्या लोकांच्या भाषेला, हे कामकाज बंद करायला सांगणं हा किरकोळ हट्ट कसा मानायचा?

आता कामाचा मुद्दा. मशीनला भाषा कळत नाही, हे खरं. पण मशीनसमोर उभा असलेला माणूस संध्याकाळी घरी जातो तेव्हा त्याच्या हातात कागद पडतात, आणि कागदांना भाषा असते. अनगोळ, मजगाव, मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर या उद्यमबागेच्या आसपासच्या वस्त्या. घरपट्टीची नोटीस, भूसंपादनाची सूचना, जमिनीचा उतारा, मतदार यादी यांतलं काहीही सहीशिवाय पुढे सरकत नाही, आणि मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या माणसाला कानडी लिपीतली नोटीस वाचता येत नाही. हरकतीची मुदत मात्र नोटिशीवरच्या तारखेपासून मोजली जाते. ती वाचायला तो कुणाला तरी शोधेपर्यंत त्यातले दिवस निघून जातात. ज्याची दोन गुंठे जमीन अशा मुदतीत अडकली आहे, त्याला शब्द किरकोळ आहेत असं कोण पटवून देणार?

नावांचंही तसंच. मराठी आडनाव कानडी लिपीत जातं, तिथून रोमन अक्षरांत येतं आणि परत फिरताना वेगळंच होतं. एकाच ‘गावडे’ची रोमन स्पेलिंग रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिसरी निघाली, की भविष्यनिर्वाह निधी काढताना प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यात एक खाडा जातो आणि नोटरीचे पैसे जातात. पुरवठादाराचं नाव एका अक्षराने चुकलं म्हणून चलन परत पाठवणारा कारखानदार आपल्याच कामगाराच्या नावाबद्दल ‘एवढं काय’ म्हणतो, तेव्हा त्याचा स्वतःच्या धंद्याच्या नियमाशीच विसंवाद होतो.

या बाबतीत भावनेवर विसंबायची गरजही नाही, नियम लिहिलेले आहेत. 1956 साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम 350-अ व भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचं कलम 350-ब राज्यघटनेत आलं. गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, हे कलम 350 आधीपासून सांगतं. राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षण योजनेत असंही आहे की ज्या जिल्ह्यात किंवा त्याहून लहान घटकात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. 2011 च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे 18 टक्क्यांहून अधिक आहेत. तेव्हा मराठीतून नोटीस मागणं म्हणजे वेगळं राज्य मागणं नव्हे. सीमाप्रश्नाचा निकाल कुठल्याही बाजूने लागो, ही मागणी आहे तशीच उभी राहते. जे लोक या दोन गोष्टी एकत्र कालवतात, मग ते बंगळूरचे असोत की मुंबईचे, ते इथल्या माणसाचं नुकसान करतात.

‘शेवटी पोटाचा प्रश्न आला की भाषा मागे पडते’ असं सांगताना बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीचा दाखला दिला जातो. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 1981 साली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी मेले. आंदोलनात मराठी आणि कानडी दोन्ही शेतकरी होते, हे अगदी खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. त्या रस्त्यावर बसण्याआधी कुणी कुणाला आपली भाषा घरी ठेवून ये असं सांगितलं नव्हतं. ज्याला आपलं नाव बदलायला लावलं जात नाही, तो दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो. निपाणीच्या एकीतून भाषा बिनमहत्त्वाची ठरत नाही. तिला हात लावला नाही तर माणसं एकत्र येतात, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

त्याच निपाणीच्या कडेला देवचंद कॉलेज आहे. त्याचा पत्ता मात्र अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. निपाणीचा विद्यार्थी घरून निघून वर्गात बसेपर्यंत राज्य ओलांडतो. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली ज्या 264 गावांची महाराष्ट्रासाठी शिफारस केली त्यांत निपाणी होती, खानापूर आणि नंदगडही होतं. बेळगाव शहर नव्हतं. म्हणून महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि तो कधीच अमलात आला नाही. अशा गावात राहणाऱ्या माणसाला ‘पत्ता म्हणजे नुसते शब्द’ असं सांगणाऱ्याने एकदा तिथे शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून बघावा.

आणखी एक युक्तिवाद तरुणांच्या तोंडी असतो. आता सगळं नंबरावर चालतं. उद्यमबागेचा पिन 590008, स्टेशनचा कोड अजून बीजीएम, सांबऱ्याच्या विमानतळाचा आयएक्सजी. कुरियर पोचतं, तिकीट निघतं, नाव हवंय कुणाला? पाटीचा घोळ नको असेल तर सरळ इंग्रजीत लावा.

कुरियर पोचायला पिन पुरतो, हे मान्य. पण पुण्याच्या हॉस्टेलवर कुणी विचारलं ‘तू कुठला?’ तर उद्यमबागेतला पोरगा 590008 सांगत नाही. आणि इंग्रजी पाटीने वाद मिटतो हे म्हणणं तर पाहणीवरही टिकत नाही. कर्नाटकाच्या 2024 च्या दुरुस्त कायद्याने व्यावसायिक फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला दिली. राज्याने आपल्या भाषेला अग्रस्थान द्यावं यात गैर नाही. महाराष्ट्रानेही दुकानांना मराठी पाट्या सक्तीच्या केल्या, व्यापारी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पण उरलेले 40 टक्के? ते मराठीला देऊ नका असं तो कायदा म्हणत नाही. ही जागा कोणत्या भाषेला द्यायची ते मालकाने ठरवायचं असतं. बाजारात आणि औद्योगिक वसाहतीत फिरलं की बहुतेक मालकांनी काय ठरवलं ते दिसतं: वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी मालकाच्या, मराठी कामगारांच्या, मराठी गिऱ्हाइकाच्या दुकानावरही तेच. ती जागा कुठल्या सरकारने काढून घेतली नाही. ‘नावात काय ठेवलंय’ म्हणत म्हणत ती हातची सोडली गेली. या मताचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे: ते भांडण मिटवत नाही, पण कायद्याने हातात ठेवलेला हक्कही वापरू देत नाही.

याच गावातून उद्योग उभारलेल्या माणसाने असा विचार केला नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले आणि 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. कोकणातल्या किर्लोसी गावावरून आलेलं ते आडनाव लोखंडावर उठलं आणि देशभर शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं. लोखंड इतरांकडेही होतं. गिऱ्हाईक नाव बघून येत होतं.

पुढचा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. शब्दांच्या भांडणातून मारामाऱ्या होतात, बसवर दगड पडतात, तोंडाला काळं फासलं जातं. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बाळेकुंद्रीच्या बाजूला भाषेवरून झालेल्या वादात बसवाहकाला मारहाण झाली. त्यानंतर चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाच्या तोंडाला काळं फासण्यात आलं, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या आणि रोज ये-जा करणारी माणसं अडकून पडली. भाषेसाठी एखाद्याला मारणाऱ्याला कुठल्याही बाजूचा सैनिक म्हणता येणार नाही. तो गुन्हेगार आहे, मराठी असला तरी. यात सौम्य शब्द वापरायचं कारण नाही.

पण या घटनांवरून ‘म्हणून नावांचा वादच नको’ असं म्हणणारे कार्यकारणाची उलटापालट करतात. हात कधी उचलला जातो? बोलायची जागा बंद झाली की. येळ्ळूरचं उदाहरण घ्या. गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक अनेक दशकं उभा होता. पावसाने रंग उडाला की गावकरी पुन्हा रंगवत. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जुलै 2014 मध्ये प्रशासनाने तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, 27 जुलैला तो पुन्हा पाडला गेला आणि गावात लाठीमार झाला. फलकावरची घोषणा कायद्याला धरून नव्हती असं कुणी म्हणेल, आणि न्यायालयाचा आदेश होता हेही खरं. पण घराघरांत शिरून माणसांना मारण्याचं समर्थन कोणत्या आदेशात सापडतं? आणि तीन शब्दांचा फलक इतका नगण्य होता, तर एवढा पोलीस बंदोबस्त कशासाठी लागला?

2017 चं उदाहरणही त्याच जातीचं. ‘जय महाराष्ट्र’ म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीचं सदस्यत्व रद्द करणारा कायदा आणू, असं कर्नाटकाचे तेव्हाचे नगरविकास मंत्री रोशन बेग बोलले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या एसटी गाड्यांवर ‘जय महाराष्ट्र’ झळकलं. एका बाजूने दोन शब्दांवर बंदी घालायला निघावं, दुसऱ्या बाजूने तेच दोन शब्द गाडीवर रंगवून पाठवावेत, आणि ज्या बेळगावकराच्या नावाने हे चाललं त्याची कानडी नोटीस तशीच न वाचता पडून राहावी. शब्दांना किरकोळ मानल्याचा हा परिणाम आहे. शब्दांना गांभीर्याने घेणाऱ्याने घोषणा बाजूला ठेवून आधी ती नोटीस हातात घेतली असती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तर हा सगळा युक्तिवाद ओळखीचा वाटायला हवा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी केला. तेव्हाही शहाणी माणसं म्हणत होती की विद्यापीठात शिक्षण महत्त्वाचं, नावाने काय होणार? पण त्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आणि नावाने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांना तेव्हा कळलं की जाळणाऱ्यांनाही नावाचं मोल ठाऊक होतं. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं लागली. आज त्या प्रवेशद्वारासमोर दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीला ‘शब्दांच्या भांडणात अडकलेले लोक’ म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही. मग तोच मापदंड सीमाभागाला का लागू नये?

बाहेरचा एक दाखला. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात स्लोव्हेन बोलणारे अल्पसंख्याक आहेत. त्यांच्या गावांच्या पाट्या दोन भाषांत असाव्यात हे 1955 च्या राज्य-करारात मान्य झालं होतं. 1972 मध्ये सरकारने 205 ठिकाणी तशा पाट्या लावल्या, आणि काही आठवड्यांत जमावांनी त्या उखडून टाकल्या. पुढे एका स्लोव्हेनभाषी वकिलाला वेगमर्यादा मोडल्याचा दंड झाला. गावाची पाटी फक्त जर्मनमध्ये आहे, म्हणून दंड लागू होत नाही, असं म्हणत तो लढला, आणि 2001 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने पाट्यांच्या बाबतीत अल्पसंख्याकांच्या बाजूने कौल दिला. तरी आणखी दहा वर्षं गेली. 2011 मध्ये समझोता झाला: स्लोव्हेनभाषकांचं प्रमाण 17.5 टक्के असलेली गावं आणि न्यायालयाने सांगितलेली ठिकाणं मिळून 164 जागी दोन भाषांच्या पाट्या. त्या लागल्या म्हणून ऑस्ट्रियाचा एक इंचही स्लोव्हेनियाला गेला नाही. फिनलंडमध्ये तर अल्पसंख्य भाषेचे 8 टक्के किंवा 3000 लोक असले की नगरपालिका द्विभाषिक ठरते. राजधानीला फिनिश माणूस हेलसिंकी म्हणतो, स्वीडिश बोलणारा हेलसिंगफोर्स, आणि दोन्ही नावं एकाच पाटीवर असतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. उद्यमबागेतून खानापूर रोडने मच्छेच्या दिशेने निघालं की पिरनवाडीचा चौक लागतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस तिथे एका रात्रीत क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा उभा राहिला. चौक छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखला जातो असं म्हणत मराठी तरुण रस्त्यावर आले, कानडी संघटना आल्या, लाठ्या चालल्या. इथेही कुणीतरी म्हणालंच असेल की पुतळ्यात आणि नावात काय आहे. पण वाद मिटला तो या दोन्ही गोष्टींना किंमत दिल्यामुळे. दोन्ही बाजू बसल्या आणि ठरलं: पुतळा रायण्णांचा राहील, चौकाचं नाव छत्रपती शिवाजी महाराज चौक. दोघेही आपापल्या काळी परक्या सत्तेशी लढलेले, दोघांची नावं त्या एका जागेवर मावली. कुणाला आपलं नाव सोडावं लागलं नाही, म्हणून कुणी हरलं नाही.

उद्यमबाग हे नावही असंच आहे. उद्यम संस्कृतातून आलेला, बाग फारसीतून. मराठी माणूस तेच म्हणतो, कानडी माणूस तेच म्हणतो. त्यावर कधी दगड पडला नाही. ‘बघा, इथे नावाचा वाद नाही’ म्हणणाऱ्यांनी याचं कारणही बघावं: या नावासाठी कुणालाच आपली जीभ वळवावी लागत नाही. मराठीने तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कानडीकडून घेतले ते कुणाच्या हुकमाने घेतले नाहीत. शेजारधर्माने आलेला शब्द घरात राहतो, लादलेला शब्द पाटीवरच लटकत राहतो.

तेव्हा मराठीतलं बेळगाव बेळगावच राहील आणि कानडीतलं बेळगावी बेळगावी. घरपट्टीपासून भूसंपादनापर्यंतच्या सूचना 15 टक्क्यांच्या नियमाप्रमाणे मराठीतही मिळाल्या पाहिजेत. बसच्या पाटीवर आणि मतदार यादीत नाव माणसाला वाचता येईल अशा लिपीत असलं पाहिजे. उद्यमबागेतल्या मराठी कारखानदाराने आपल्या फलकावरची उरलेली 40 टक्के जागा या महिन्यात वापरावी, त्यासाठी कुठल्याही मोर्चाची वाट बघू नये. आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथल्या कानडी बोलणाऱ्यांना ग्रामपंचायतीची नोटीस कानडीत मिळावी, ही मागणी तिथल्या मराठी माणसाने स्वतः पुढे होऊन करावी.